तलवाड्याला बंदूक कोणाच्या हातात होती? वारली उठावावर थरारपट काढणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार मंडळी,

स. न. वि. वि.

तुमच्या कंपनीचे, चित्रपटाचे किंवा तुमच्यापैकी कोणाचे नाव या पत्रात घेणार नाही. नाव घेतले की भांडण वैयक्तिक होते, आणि तुमची फुकटची जाहिरातही होते. पण तलासरी-डहाणूच्या रस्त्यांवर गेले काही महिने कोणाच्या गाड्या फिरत आहेत हे इथे पानटपरीवाल्यालाही माहीत आहे. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला कळेल. १९४५ साली आमच्या वारली आदिवासींनी जमीनदारांच्या वेठीविरुद्ध जो उठाव केला त्यावरचा हा चित्रपट तुम्ही सोडून दिलात तरी उद्या दुसरा कोणीतरी काढेल, कारण जमीनदार, गुलामी, जंगल आणि बंड असा मसाला सहसा एका ठिकाणी मिळत नाही. त्यालाही उपयोग व्हावा म्हणून हे उघड लिहितो आहे.

मी तलासरी तालुक्यात शिक्षक आहे, जातीने वारली. 'संवाद तपासून द्या, बोली बरोबर वाटली पाहिजे' असे सांगून तुमच्या माणसाने पटकथा माझ्याकडे दिली. सही कशावरही घेतली नाही आणि मानधनाचा विषय तर निघालाच नाही. संवाद तपासायचे तर गोष्ट वाचावी लागतेच. वाचून झाल्यावर हरकती फोनवर सांगितल्या, मग लिहूनही पाठवल्या. उत्तर आले, "सर, हा थ्रिलर आहे, डॉक्युमेंटरी नाही. थोडं स्वातंत्र्य घ्यावंच लागतं." त्यानंतर पटकथेतली एक ओळ न बदलता चित्रीकरणाच्या तारखा ठरल्या, आणि जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित' असे झळकले. त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहावे लागले. ती नसती तर मी गप्प बसलो असतो.

थरारपटाला माझा विरोध नाही, हे आधी सांगून टाकतो. मला ते आवडतात. आमच्या मुलांनी गुप्तहेर आणि दरोडे पाहावेत आणि आपल्या आज्या-पणज्यांचा लढा मात्र कंटाळवाण्या माहितीपटात पाहावा, असे मला मुळीच वाटत नाही. घोडे आणा, रात्रीचा पाऊस आणा, पार्श्वसंगीत हवे तेवढे वाजवा. माझी तक्रार वेगळी आहे. जे खरोखर थरारक होते ते तुम्ही फेकून दिले, आणि जमीनदारांनी ८० वर्षांपूर्वी उठवलेली एक खोटी बातमी पडद्यावर खरी करून दाखवायला निघालात.

माझा या गोष्टीशी संबंध काय, तेही सांगतो. माझा पणजा आणि पणजी लग्नगडी होते. वाचकांपैकी ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी: लग्नाला लागणारे पैसे आणि धान्य वारली माणूस सावकार-जमीनदाराकडून उसने घ्यायचा. फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. फेड कधी संपायची नाही. कर्जाचा आकडा सावकाराच्या वहीत असे आणि ती वही वाचू शकणारा आमच्यात कोणी नसे. मुले झाली की तीही त्याच वाड्यावर. १९३९ साली सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात हे सगळे नोंदवले आहे: वेठ, मारहाण, बायकांवरचे अत्याचार. म्हणजे सरकारला माहीत नव्हते असे नाही. अहवाल कपाटात गेला आणि वेठ चालू राहिली. माझा आजा त्या वाड्यावर जन्मला. तो वाड्याबाहेर पडला तो १९४५ साली, तुमच्या चित्रपटात जे वर्ष आहे त्याच वर्षी. त्यामुळे या गोष्टीकडे मला निव्वळ 'कंटेंट' म्हणून पाहता येत नाही.

आता तुमची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातून पळून आलेला एक देखणा शिपाई बंदुकीसह आमच्या जंगलात येतो. अडाणी, घाबरट आदिवासी त्याला आधी देव समजतात, मग तो त्यांना लढायला शिकवतो. जमीनदार एकच, त्याचा बंगला एकच, गुंडांची टोळी एकच. नायकाला जिच्यावर प्रेम जडते त्या मुलीवर जमीनदार अत्याचार करतो. नायक पेटून उठतो. तलवाड्याला आदिवासींचा जमाव पोलिसांवर चाल करून जातो, दोन्हीकडून गोळ्या सुटतात, माणसे मरतात. शेवटी नायक जमीनदाराला त्याच्याच बागेत मारतो, तिरंगा फडकतो, तारपा (आमचे फुंकून वाजवायचे वाद्य) वाजतो.

हे सगळे 'सत्य घटनेवर आधारित'.

सत्य घटना अशी आहे. जानेवारी १९४५ मध्ये तिटवाळ्याला किसान सभेची, म्हणजे शेतकऱ्यांच्या लाल बावट्याच्या संघटनेची, परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्याच्याबरोबरचे काही वारली तिथे गेले. बाहेरून कोणी बंदूक घेऊन यायच्या आधी आमचीच माणसे आपले गाऱ्हाणे घेऊन बाहेर गेली होती, आणि परक्या लोकांच्या भरल्या सभेत उभी राहून बोलली होती. ज्याला जमीनदारासमोर मान वर करायची मुभा नव्हती त्या माणसाने हजारोंपुढे तोंड उघडणे, याहून मोठा पहिला प्रसंग तुमच्या पटकथाकाराला सुचणार आहे का? तुमच्या पटकथेत तिटवाळा नाही. माह्या धांगडा नाही.

मग किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ ला झरी गावात सभा झाली, सुमारे ५,००० आदिवासी जमले. वेठ करायची नाही, आणि रोज १२ आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचे नाही, असे ठरले. ठराव एवढाच. पुढच्या काही महिन्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वेठ आणि लग्नगडी पद्धत कोसळली. पाड्यावरची माणसे एकत्र जमायची, वाड्याच्या अंगणात जाऊन उभी राहायची आणि लग्नगड्यांना हाका मारून बाहेर बोलवायची. ते बाहेर यायचे आणि सगळे मिळून घरी जायचे. आमच्या घरात ही गोष्ट याच शब्दांत सांगतात, त्यात एकही गोळी सुटत नाही. पण मला विचाराल तर त्या अंगणात उभे राहण्यात जो जीव मुठीत धरणे आहे, तो तुमच्या शेवटच्या वीस मिनिटांच्या गोळीबारात नाही. बाहेर बोलावलेला गडी येईल की नाही, हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाच माहीत नव्हते. आत त्याला धरून ठेवतील का, आपल्याला उद्या खावटीचे (पोटासाठी उसने घ्यायचे) दाणे मिळतील का, कोणी फितूर होईल का, हेही नाही. कॅमेरा कुठे लावायचा ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.

त्यानंतरचा गवताचा संप तर थरारपटासाठीच घडला होता असे म्हणावेसे वाटते. या डोंगराळ पट्ट्यातले गवत मुंबईला जायचे. तबेल्यांना लागायचे, आणि युद्धामुळे त्याला भाव होता. पावसाळा संपला की गवत कापणीला येते. ते वेळेत कापले तर पैसा, उभ्या उभ्या वाळले तर त्याची किंमत जाते. म्हणजे जमीनदाराच्या मागे घड्याळ लागलेले. दुसरीकडे तेच दिवस आमच्याकडे सर्वांत उपाशी. भात अजून हाती आलेले नसते, खावटी संपलेली असते, कंदमुळांवर दिवस काढायचे असतात. म्हणजे आमच्याही मागे घड्याळ. मागणी अशी की ५०० पौंड गवत कापायचे अडीच रुपये द्या. आधी कोण वाकणार? दोन्ही बाजूंना दिवस मोजावे लागत होते, आणि एका बाजूच्या घरात पोरे भुकेने रडत होती. पटकथा शिकवणाऱ्या वर्गात ज्याला 'ताण' म्हणतात तो हाच ना? तुमच्या पटकथेत गवताचा उल्लेख एकदाच येतो: नायक आणि नायिका त्याच्या गंजीवर झोपतात.

आणि आता तलवाडा. माझी मुख्य तक्रार इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संप मोडत नाही हे पाहून जमीनदारांनी दोन बाजूंना दोन वेगळ्या बातम्या सोडल्या. आदिवासींना निरोप गेला की तलवाड्याला गोदाराणीची सभा आहे, तिच्या जिवाला धोका आहे, काठ्या-कोयते घेऊन या. (गोदावरीबाईंना आमचे लोक गोदाराणी म्हणायचे.) पोलिसांना सांगितले गेले की आदिवासी हत्यारे घेऊन जमले आहेत, दंगल करणार आहेत. सभा नव्हतीच. बाई तिथे नव्हत्याच. पण आपल्या बाईला वाचवायला म्हणून हजारो लोक रात्री-अपरात्री जंगलातून चालत आले, आणि १० ऑक्टोबर १९४५ ला पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पाच माणसे मारली गेली. जेठ्या गांगड त्यांतला एक. गोळ्या सुटल्यावरही लोक लगेच पांगले नाहीत. त्यांना बाईची काळजी होती. नंतर सरकारने सभांवर बंदी घातली, पुढाऱ्यांना जिल्ह्यात यायला बंदी केली, आणि कारण काय दिले? आदिवासी हिंसक झाले आहेत.

बंदुका एकाच बाजूला होत्या, पोलिसांच्या. तुमच्या पटकथेत त्या दोन्ही बाजूंना आहेत. पहिली गोळी तर आमच्याच बाजूने सुटते, नायकाच्या बंदुकीतून.

आपण काय केले आहे हे तुमच्या लक्षात आले आहे का? जमीनदारांनी पोलिसांना जे खोटे सांगितले, नेमके तेच तुम्ही पडद्यावर घडवता आहात. त्यांची अफवा फार तर एका जिल्ह्यात पसरली होती, तुमचा चित्रपट जगभर मोबाइलवर दिसेल. उद्या एखादे पोर शाळेत मला विचारेल, "सर, आपल्या लोकांनी आधी गोळ्या झाडल्या ना?" कारण त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असेल. हे 'थोडे स्वातंत्र्य' नाही. मेलेल्या पाच माणसांवर तुम्ही आरोप ठेवता आहात, आणि उत्तर द्यायला ते नाहीत.

खरी गोष्ट थरारपटाला कमी पडते म्हणावे तर तसेही नाही. एकाच वेळी दोन्ही बाजूंना फसवणारा कट, अंधारात निघालेले हजारो लोक, नसलेली सभा, नसलेली पुढारी, समोर भरलेल्या बंदुका, आणि प्रेक्षकाला सगळे माहीत असून पडद्यावरच्या कोणालाच माहीत नाही. परदेशी चित्रपटात हे असते तर तुम्हीच टाळ्या वाजवल्या असत्या. बाकी हरकती जरा भरभर सांगतो.

नायक. तो सैन्यातून पळालेला शिपाई पूर्ण काल्पनिक आहे. काल्पनिक पात्राला हरकत नाही, पण त्याच्यासाठी तुम्ही माह्या धांगडाला बाजूला केलेत आणि गोदावरीबाईंना एक नाव बदललेली 'शहरी पत्रकार' करून टाकलेत, जी मुख्यतः नायकाकडे कौतुकाने पाहते. कायद्याची पदवी घेतलेली ही बाई, चिखल तुडवत पाडोपाडी फिरली, कुडाच्या झोपडीत राहिली. तिला तुम्ही गाडीतून उतरवून डोळे पुसायला लावले आहेत. अर्थात बाईंनाही एकट्या तारणहार करू नका. १९७० साली त्यांनी लिहिलेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात जागा होणारा माणूस आमचा आहे, त्या स्वतः नाहीत. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले पुस्तक आहे, सहज मिळते. तुमच्या संशोधन पथकाने ते वाचल्याची खूण मला पटकथेत कुठे सापडली नाही.

जमीनदार. तुमचा खलनायक एकाच जमातीचा आहे आणि त्याच्या जमातीच्या सगळ्या खुणा तुम्ही भडक रंगवल्या आहेत. इथल्या जमीनदारांत आणि सावकारांत पारशी होते, इराणी होते, मारवाडी होते, मुसलमान होते, ब्राह्मणही होते. छळताना कोणी कोणापेक्षा मागे नव्हते. एका जमातीला उचलून राक्षस केले की बाकीचे सगळे सुटतात, आणि आजच्या राजकारणाला एक आयता शत्रूही मिळतो. आमच्या लढ्याचा असा उपयोग होऊ नये.

बायका. पटकथेतला अत्याचाराचा प्रसंग चार पाने आहे. त्या मुलीला त्याआधी संवाद किती? मी मोजले नाहीत, मोजण्याजोगे नव्हतेच. लग्नगड्यांच्या बायकांनी काय सोसले ते आमच्या घरांत कोणी मोठ्याने बोलत नाही. ते तुम्ही नायकाला राग यावा म्हणून वापरता. वाड्याच्या अंगणात हाका मारायला बायका गेल्या होत्या, झरीच्या सभेत बायका होत्या, उपाशी पोरांना गप्प करत संप टिकवला तोही बायकांनी. तो एकही प्रसंग तुमच्याकडे नाही.

लग्न. जिच्यामुळे माणूस गुलाम व्हायचा ती घटना लग्न. पटकथेत वारल्याचे लग्न भटजी लावतो आणि मंगलाष्टके होतात. आमच्याकडे लग्न धवलेरी लावते. ती बाई असते. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. ज्या वारली चित्रांची नक्षी तुम्ही पोस्टरच्या चारी कडांना लावली आहे, ती चित्रे मुळात या लग्नाच्या भिंतीवरची आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणि जगभर नेली. कडेला नक्षी आमची आणि आत लग्न तुमचे, हे काही जमले नाही. (तारप्याबद्दलही सांगतो: तो भात पिकायच्या दिवसांत वाजतो. तुमच्या पटकथेत तो मे महिन्यात, भर उन्हात वाजतो आहे.)

बोली. यासाठी तर मला बोलावले होते. संवादांत सगळीकडे 'लई', 'काय रं', 'व्हय जी' आहे. हे घाटावरचे आहे. तिथल्या लोकांच्या तोंडी ते गोडच वाटते, पण इथे कोणी असे बोलत नाही. मी दुरुस्त करून दिले, तर 'प्रेक्षकांना कळणार नाही' म्हणून जुनेच ठेवले. मग तपासायला का दिलेत? खाली अक्षरे दाखवता येतात की. कोरियाच्या मालिका लोक तशाच बघतात.

शेवट. तुमचा चित्रपट १५ ऑगस्ट १९४७ ला संपतो आणि सगळे दुःख संपते. जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा पाच आदिवासी मेले. तेव्हा मुंबई प्रांतात लोकांनी निवडून दिलेले बाळासाहेब खेर यांचे सरकार होते आणि गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. नानिवली तुम्ही गाळली आहे. गाळण्याचे कारण मला समजते. गोऱ्या साहेबाला वाईट दाखवणे स्वस्त असते. पण मग 'सत्य' हा शब्दही गाळा. कुळकायदा १९४८ साली आला, कसेल त्याची जमीन व्हायला १ एप्रिल १९५७ उजाडला, आणि तोही कागदावर. जंगलजमिनीचे दावे अजून चालू आहेत. २०१८ साली नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा जो लाल मोर्चा चालत गेला त्यात आमच्या भागातली माणसेही होती, त्यांचे सोललेले पाय तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. आणखी एक: १९६० साली उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला. त्यामुळे या लढ्याचे वारस आज दोन राज्यांत आहेत, दोन लिप्यांत शिकतात. तुमच्या माणसांनी सीमेपलीकडच्या एकाही गावात चौकशी केली नाही.

आता पैशाची गोष्ट. ती लिहायला संकोच वाटत होता, पण ज्या लढ्याचा पहिला ठरावच रोजंदारीचा होता त्याच्यावर चित्रपट काढणाऱ्यांना रोजंदारी विचारायला कसला संकोच? गर्दीच्या प्रसंगांसाठी तुमच्या समन्वयकाने इथल्या पोरांना जो दर सांगितला तो मुंबईहून बसने आणणार असलेल्या गर्दीच्या दराच्या निम्मा आहे. पैसे 'शेड्यूल संपल्यावर' देऊ म्हणाला. जेवण आहे, असेही म्हणाला, जणू उपकार. १२ आणे रोख आणि रोजच्या रोज मिळावेत म्हणून माणसे मेली, त्यांची पणतवंडे त्या माणसांच्या भूमिका करणार, आणि तीही अर्ध्या मजुरीवर, उधारीवर. तुमच्या पूर्ण पटकथेत नाही एवढा उपरोध या एका व्यवहारात आहे.

मागण्या सरळ आहेत.

तलवाड्याच्या प्रसंगात आदिवासींच्या हातातली बंदूक काढा आणि पहिली गोळी कोणी झाडली ते खरे दाखवा. ते करायचे नसेल तर तलवाडा, झरी ही गावांची नावे, १० ऑक्टोबर ही तारीख, जेठ्या गांगडचे नाव आणि 'सत्य घटनेवर आधारित' ही ओळ चित्रपटातून आणि जाहिरातीतून काढून टाका. एखाद्या काल्पनिक खोऱ्यातली काल्पनिक गोष्ट म्हणून दाखवा, माझे काही म्हणणे नाही. दोन्ही मात्र एकत्र मिळणार नाही.

माह्या धांगडा आणि तिटवाळा गोष्टीत आणा. बंदूकवाला शिपाई ठेवायचाच असेल तर तो इथलाच वारली असू द्या, आणि त्याला दहा जणांतला एक करा. अत्याचाराचा चार पानी प्रसंग काढा. लग्न धवलेरीला लावू द्या. संवाद इथल्या दोन-तीन जाणत्या माणसांकडून नीट करून घ्या, त्यांना मानधन द्या, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे टाका. मी त्यांत नसलो तरी चालेल.

इथल्या कलाकारांना आणि गर्दीतल्या माणसांना मुंबईच्या माणसांइतकाच दर द्या, ज्या त्या दिवशी संध्याकाळी, हातात. बायकांना आणि पुरुषांना सारखा.

चित्रीकरण सुरू करण्याआधी झरीत एक दिवस बसून पटकथा वाचून दाखवा. ज्यांच्या घरात ही गोष्ट आहे ते ऐकतील, बोलतील. परवानगी मागा असे म्हणत नाही, इतिहास कोणाच्या मालकीचा नसतो हे मलाही कळते. ऐकून घ्या एवढेच. आमची माणसे चार तास न उठता ऐकतात, तुमच्या पटकथेचे वाचन तेवढ्यात होईल.

यातले काही मान्य असेल तर कळवा, मी आणि इथले आणखी काही जण बसायला तयार आहोत, पैसे न घेता. मान्य नसेल तर पोरांना मी एवढेच सांगणार आहे की पूर्ण मजुरी हातात पडल्याशिवाय गर्दीत उभे राहायचे नाही. ते ऐकतील असे वाटते.

आणि एक व्यावहारिक सूचना. तुमच्या वेळापत्रकात तलवाड्याचा प्रसंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावला आहे. १० तारखेला इथे हुतात्मा दिन असतो. त्या दिवशी गावागावांतून लोक लाल बावटे घेऊन निघतात, तुम्हाला गर्दीसाठी माणूस मिळणार नाही. पुढे भाताची कापणी लागते. तारखा बदलून घ्या.

आपला,
तलासरी तालुक्यातील एक शिक्षक